सुईचा भार

२० जानेवारी, सोमवार. इंदूर

ताजी बातमी: नोकरी पक्की, आजपासूनच रुजू. खात्री: नाना. त्यांनीच इथे माझं नाव सुचवलं होतं.

नाना, म्हणजे माझे वडील, यांनी चाळीस वर्षं सांगलीहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवल्या. घरातही तीच शिस्त. आधी ताजं काय ते सांग, मग ते कुणी पक्कं केलं ते, आणि शेवटी पुढे काय होणार ते. मी साउंड इंजिनियर झाले, पण रोजनिशी अजून त्यांच्याच पद्धतीनं लिहिते.

सकाळी स्टेशनवर रिक्षावाल्यानं पत्ता विचारायच्या आधी नाश्ता झाला का ते विचारलं. नाही म्हटल्यावर परस्पर पोह्यांच्या गाडीसमोर रिक्षा उभी केली. वरून शेव, जिरावन मसाला, बाजूला जिलेबी. 'दीदी, भूखे पेट इंदौर में एंट्री नहीं है,' म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

राजेंद्र नगरातल्या या बंगल्याचं नाव 'निवांत'. खाली जुन्या-नव्या रेकॉर्ड्सचं दुकान, वर ऐकण्याची खोली. मालक यशवर्धन सर पंचेचाळिशीचे. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, घर मराठी, पण वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. मला ऋजुताजी म्हणतात. रेकॉर्ड धुणं, कुठली किती चांगली उरली आहे ते ठरवणं आणि वरच्या खोलीतला आवाज सांभाळणं हे माझं काम. राहायला मागची खोली, खिडकीत पेरूचं झाड.

मी एकच अट घातली. २१ मार्चला मला पुण्यात कोर्टात असायला हवं. त्यांनी कारण विचारलं नाही. 'हौ, पक्कं,' म्हणाले.

कारण इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मैदानावरच्या एका कार्यक्रमात माझा धाकटा भाऊ मानस स्पीकरच्या मनोऱ्यावर चढला होता. मी खाली मिक्सरवर होते. काम करणाऱ्यांच्या कानाला हेडफोन असतात, त्यावर एकमेकांशी बोलता येतं. त्या लाइनवर आम्ही तिघंच होतो: मानस, मी आणि कंपनीचा मालक. मानसनं वरून सांगितलं की मनोऱ्याची पकड सरकते आहे, खाली येऊ दे. मालकानं येऊ दिलं नाही. चार मिनिटांनी मनोरा कोसळला. पोलिसांच्या कागदात एवढंच आहे की मानसनं सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता.

त्या दोघांचे नेमके शब्द फक्त माझ्याकडे आहेत. आमच्या वकील विनीताताईंनी बजावलंय की ते कुठे लिहू नकोस, कुणाला पाठवू नकोस. समोरच्यांच्या हाती लागले तर ते त्याभोवती गोष्ट रचतील. थेट साक्षीला उभी राहा आणि बोल. म्हणून इथेही लिहीत नाही. गरजही नाही. दात घासताना ऐकू येतात, भाजी चिरताना ऐकू येतात. रागानं माझे दात रात्रभर एकमेकांवर घासतात असं डेंटिस्ट म्हणाला होता. घासू देत. २१ मार्चपर्यंत मला तो राग हवा आहे.

पुढे: उद्यापासून कपाटं आवरणं.

२३ जानेवारी, गुरुवार

ताजी बातमी: इथे रेकॉर्ड नुसती वाजत नाही, बनतेही. खात्री: जयसिंगराव. त्यांनी माझ्यासमोर एक बनवली.

तीन दिवस मजेत गेले. जुन्या रेकॉर्ड्स पोत्यांतून येतात, रद्दीच्या, माळ्यांवरच्या. मऊ ब्रश, गाळलेलं पाणी, मग तिरप्या उजेडात धरून बघायचं. चांगल्या तबकडीवरच्या रेघा दाट आणि राखाडी दिसतात. फार वाजलेली असली तर त्या पुसट होऊन ती आरशासारखी चमकायला लागते. लेबलाभोवती एक रिकामं कडं असतं. तिथे बनवणारा हातानं नंबर कोरतो. मला ते कडं फार आवडतं. एवढ्या यंत्रात तेवढीच जागा माणसाच्या अक्षराची.

दुकानात गिऱ्हाइकं सगळी विशीतली. आयुष्य मोबाइलवर ऐकण्यात गेलं, आता चार महिने पैसे साठवून एक रेकॉर्ड घेतात. एका मुलीनं छान सांगितलं: मोबाइलवर पुढे ढकलता येतं, इथे बसावं लागतं, आणि बसलं की डोक्यातला कोलाहल बसतो. तिला परीक्षेच्या दिवसांत धाप लागायची. एक सरोदची रेकॉर्ड रोज ऐकून कमी झाली. मी हसले नाही. गाण्यानं माणूस सावरतो हे मला कुणी शिकवायला नको.

वरच्या मजल्यावर मात्र वेगळं चालतं. जयसिंगराव सत्तरीचे, पूर्वी मिलमध्ये फिटर. त्यांच्याकडे लाखेच्या मऊ तबकडीवर थेट आवाज कोरणारं यंत्र आहे. ज्यांचं मन ठिकाणावर नाही अशांना घरचे इथे आणतात. आधी तानपुरा लावतात, मग त्या माणसानं काचेच्या खोलीत बसून मनातलं सगळं बोलायचं. बोलणं आणि तानपुरा एकाच तबकडीवर कोरले जातात. मग रोज येऊन आपलीच तबकडी ऐकायची. यशवर्धन सर म्हणतात, राग ऐकून ऐकून जुना होतो, ऋजुताजी.

कल्पना वाईट नाही असं मला वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

ताजी बातमी: माझीही एक तबकडी झाली. खात्री: माझ्या कपाटावर ठेवली आहे.

आमच्या धंद्यात प्रत्येकाची आवाज तपासायची एक पद्धत असते. कुणी ठरलेलं गाणं लावतं. मी स्वतःचा आवाज वापरते. मैदान असो की खोली, माइकवर बोलले की कुठे काय बिघडलंय ते कळतं, कारण माझ्या आवाजाचा कण न् कण मला ठाऊक आहे. सर म्हणाले, मग आपल्या आवाजाचीच एक कापून घ्या, रोज सकाळी तीच लावून खोली तपासा. जयसिंगरावांनी घसा खाकरून सांगितलं की चेक, वन टू असलं खोटं खोटं नका बोलू बाई, सुईला पोटातलं लागतं.

बसले. तानपुरा सुरू झाला. आणि मी अकरा मिनिटं बोलले. मानसचं सगळं. ते शब्दसुद्धा, मानसचे आणि मालकाचे. काचेपलीकडे फक्त जयसिंगराव होते आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता, म्हणून बोलले. लिहिलं तर नाही ना कुठे.

बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. दुपारी दोन तास गाढ झोपले.

पुढे: सोमवारपासून रोज दहाच्या आत, खोली रिकामी असताना, पूर्ण बाजू लावून चारही कोपरे तपासायचे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताजी बातमी: शिखाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. खात्री: मी. तिच्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं.

शिखा महूच्या शाळेत शिकवायची. एकोणतीस वर्षांची. सासरे गाडीतून आणतात आणि खाली पेपर वाचत बसतात. त्यांनी सांगितलं, बहू चिडचिडी झाली आहे, समजदार आहे तशी, बस दिमाग थोडा गरम आहे. आज ती ऐकायला बसली तेव्हा तिनं मान वळवून उजवा कान स्पीकरकडे केला. मी हळूच डावीकडून बोलले. कळलं नाही तिला.

नंतर जिन्यात तिनं स्वतःच सांगितलं. नवऱ्यानं मारलं, पडदा फाटला. पोलिसात तक्रार दिली आहे. सासरच्यांना ती मागे घ्यायला हवी आहे. 'ताई, मी मागे नाय घेणार,' म्हणाली. तिचे डोळे असे होते की मला मानस मेल्यानंतरचा माझा आरसा आठवला.

म्हणजे ही यांची चिडचिड. कान फोडायचा आणि मग कानातूनच इलाज करायचा. संध्याकाळपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, आपण घरातल्या मामल्यात नाही पडायचं, आपण फक्त शांती देतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताजी बातमी: वरच्या मशीनच्या सुईवर सहा ग्रॅम भार आहे. खात्री: माझा वजनकाटा. तीनदा ठेवून बघितला.

आठवडाभर वाटत होतं की खोलीत काहीतरी बिघडलंय. माझ्या तबकडीतला 'स' बोथट झालाय. 'सरकतेय' म्हणते तिथे 'हरकतेय' असं येतं. पडदे बदलले, स्पीकर हलवले. शेवटी सुईखाली काटा ठेवला.

नेहमी दोन ग्रॅम लागतात. सहा म्हणजे नांगर. त्यात लाखेची तबकडी साबणासारखी मऊ. दहा वेळा वाजवली तरी झिजते. रोज तिच्यावर नांगर फिरतोय! कुठल्या गाढवानं बसवलंय हे? मी पाना घेतला आणि भार दोनवर आणला. जयसिंगराव बघत होते. म्हणाले, बाई, बिगाड झाला नाही, ते तसंच ठेवायचं असतं. मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वयाच्या माणसावर. ते नुसते गुणगुणत उभे राहिले, तानपुऱ्याचा एकच स्वर.

माझ्या लक्षात आलं की नाना दिवाळीपासून तसंच गुणगुणतात.

दिवाळीत नाना बारा दिवस बाहेर होते, जुन्या वार्ताहर मित्राकडे जातो म्हणून. परत आले ते निराळेच. मानसच्या फोटोला हार घालताना हसले. मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही? म्हणाले, त्यानं काय होतं. त्या दिवशी मी ताट फेकलं होतं. एका बातमीदारानं आपल्याच मुलाची बातमी अर्ध्यात सोडली.

मित्र कुठला, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताजी बातमी: शिखा आज ऐकता ऐकता उठून उभी राहिली. खात्री: खालच्या मजल्यावर बसलेल्या सगळ्यांनीच ऐकलं.

गेल्या आठवड्यात ती निवत चालली होती. मंगळवारपासून भार दोन ग्रॅम, आणि आज ती जिना उतरून सासऱ्यांच्या समोर खणखणीत म्हणाली की याच कानावर मारलं, तुमच्या समोर, आणि तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा केलात. सासऱ्यांचा पेपर खाली पडला. दुकानातली पोरं थिजली. मी जिन्यात उभी होते आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, ऋजुताजी, सुईला तुम्ही हात लावला? हा सहा ग्रॅमचा हिसाब माझ्या वडिलांच्या वेळचा आहे. मी सांगितलं की रेकॉर्ड झिजताहेत. ते म्हणाले, तर?

तर. एवढंच.

तबकडी झिजवायची असते. ती बिघडत नाहीये, ते काम चाललंय. सुई आधी तीक्ष्ण आवाज खाते, मग शब्द. तानपुरा खाली असतो, तो टिकतो. तबकडीवर फक्त तानपुरा उरला की माणूस बरा झाला.

मी खोलीत येऊन भिंतीवर उशी आपटली. हा दवाखाना नाही, हा कत्तलखाना आहे, आणि मी त्याच्या सुऱ्या धुते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताजी बातमी: भार पुन्हा सहा. आता त्यावर लाखेचं सील. खात्री: जयसिंगराव, सील त्यांनीच लावलं.

सोडून जायचं ठरवलं. विनीताताईंना फोन केला, त्या म्हणाल्या तारखेपर्यंत तिथेच राहा, पुण्यात कंपनीची माणसं घराभोवती फिरतात, इंदुरात तुला कुणी शोधणार नाही. आणि शिखाला सोडून कशी जाऊ?

सकाळी माझी तबकडी लावली. सवयीनं. चारही कोपरे फिरले. बरं वाटलं, नेहमीसारखं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताजी बातमी: शिखानं तक्रार मागे घेतली. खात्री: तिचे सासरे. पेढे घेऊन आले होते.

ती गाडीत बसली होती. मी धावत गेले, काचेवर टकटक केलं. तिनं काच खाली केली आणि छान हसली. मी कानाचं विचारलं. म्हणाली, 'तो तर बचपन से कमजोर आहे ना, ताई.' मग सीटवर मान टेकवून गुणगुणायला लागली. तोच स्वर.

मी पेढ्यांचा पुडा गटारात टाकला. जिन्यात बसले आणि वाट पाहिली की मी किंचाळेन.

नाही किंचाळले. चहाच्या वेळेपर्यंत ओसरलं होतं.

इतक्या लवकर?

३ मार्च, सोमवार

ताजी बातमी: विनीताताई माझ्यावर चिडल्या. खात्री: फोन ठेवताना त्यांचा आवाज.

फोनवरच साक्षीची उजळणी घेतली, शब्द सोडून बाकीची. मनोरा, वेळ, कोण कुठे उभं. मी सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं. म्हणाल्या, ऋजुता, तू रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखी बोलतेयस. तुझा भाऊ आहे तो. समोरचा वकील दोन प्रश्नांत तुला आडवं करेल.

मी म्हटलं, मी दमले आहे. दमलेली नाहीये. रात्री आठ तास झोपते. दातही घासत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

दात घासत नाहीत. काल हे वाक्य पुन्हा वाचलं आणि दिवस मोजायला बसले.

हिशेब अगदी सोपा आहे आणि मी मूर्ख आहे. २७ जानेवारीपासून, रविवार सोडून, रोज. पूर्ण बाजू. सहा ग्रॅम. शिखाला इथे सासरे आणत होते. मला कुणी आणावं लागलं नाही. मी स्वतः जिना चढले, स्वतः सुई ठेवली, आणि वर खोलीचे कोपरे तपासत फिरले. तपासणीची रेकॉर्ड रोज लावायची — हे कोणाला सांगावं लागतं का? ते तर आमच्या हाडात असतं. त्यांना ते ठाऊक होतं.

तबकडी कपाटावरून काढली. उजेडात धरली. मधल्या भागात मला माझं तोंड दिसलं.

आज लावली नाही. उद्यापासून नाही.

१० मार्च, सोमवार

तबकडी कपाटावर नाही. सर म्हणाले, सुरक्षित ठेवली, तुमच्याकडे तुटली असती. वरून आवाज आला सकाळी — माझा आवाज. मी पायऱ्या चढून गेले तर दार आतून बंद. दार बडवलं. ओरडायला तोंड उघडलं आणि —

काय ओरडायचं होतं ते आठवेपर्यंत बाजू संपली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कुणी तरी गालाला रंग लावला, मी थँक्यू म्हटलं.

उजळणी करते रोज. मानस वर. मी खाली. तिसरा मालक. मानस म्हणाला ताई — पुढचं येतं, पण कुणीतरी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं. काल 'पकड' की 'पट्टा', यावर अडले. पट्टा त्यांचा शब्द आहे, पोलिसांच्या कागदातला. तो माझ्या तोंडात कसा आला? पहिल्या पानावर 'पकड' लिहिलंय, पण तिथले शब्द माझे, मानसचे नाहीत.

लिहून ठेवायला हवं होतं. विनीताताई, तुमची सावधगिरी —

आता लिहायला बसले तर कुठला शब्द मानसचा आणि कुठला माझा, खात्री नाही. खात्री कुणी केली, नाना विचारतील.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

सगळे गेरला, रंगांच्या मिरवणुकीला गेले, राजवाड्याकडे. दूरवर डीजेच्या गाड्यांचा दणका येतोय. घरात मी आणि जयसिंगराव.

वरच्या तबकड्यांच्या कपाटाची किल्ली मागितली. दिली त्यांनी. मला आश्चर्य वाटलं तर म्हणाले, मना करायला पण राग लागतो, बाई. त्यांची स्वतःची तबकडी सगळ्यात वर आहे. मिल बंद झाली त्या वर्षाची. उजेडात धरली — नुसता आरसा.

शेकडो आहेत. कपाटात ठेवताना जयसिंगरावांनी कड्यावर कोरलेलं नाव, आणि पुढे कोणी आणलं ते. शिखा, सासरे. कुणी, मुलगा. कुणी, भाऊ. कुणी, ऑफिस. एक एक वाचत गेले.

नाना. स्वतःहून.

आणि त्याच्या खालीच: ऋजुता. वडील.

राग यायला हवा होता. मी फरशीवर बसले आणि त्याची वाट पाहिली. डीजे वाजत होता. आला — उचकीसारखा — एकदा. गेला.

नानांना फोन केला. रडत नव्हते ते. म्हणाले, तू रात्री दात खायचीस, बाळा, मला दारापलीकडून ऐकू यायचं, एक गेला, दुसरी जळताना किती बघू. मी बरा झालो, म्हटलं तूही होशील. मी म्हटलं, नाना, तुम्ही बातमी मारलीत. ते म्हणाले, हो. आणि गुणगुणायला लागले. मी फोन कानाला तसाच धरून बसले. बरं वाटत होतं ऐकायला. ते बरं वाटणं — तेच —

तबकडी उचलून बॅगेत ठेवली. जयसिंगरावांना विचारलं, काही उरलंय का हिच्यावर? म्हणाले, शेवटच्या रेघांत असेल, एकदा वाजेल. पण वाजली की तेही संपेल.

नवीन कापता येईल का? कापता येईल, म्हणाले. पोटात असेल ते येईल.

पोटात काय आहे बघितलं.

२० मार्च, गुरुवार

ताजी बातमी: मी बरी आहे. खात्री: यशवर्धन सर. नाना. दोन जण, म्हणजे छापायला हरकत नाही.

गाडी दुपारची. बॅग दाराशी. सर म्हणाले, जाता जाता एकदा ऐकून जा, निरोप म्हणून. सील स्वतः तोडून दिलं, हवा तो भार ठेवा म्हणाले. हसत होते. त्यांना घाई नाही.

ऐकली तर संपेल. न ऐकता गेले तर उद्या त्या माणसासमोर उभी राहून काय — 'पट्टा' म्हणेन. मला ठाऊक आहे, मी 'पट्टा' म्हणेन.

दोन ग्रॅम ठेवला. काट्यावर बघितला, तीनदा. वही मांडीवर. ऐकता ऐकता उतरवून घेणार. विनीताताई, माफ करा. लिहिते आहे. एकदाच वाजेल.

पुढे: उद्या अकरा वाजता माझं नाव पुकारतील. तो समोर बसलेला असेल. मी उभी राहीन आणि या पानावरून —

सुई ठेवली.

तानपुरा. खरखर. अजून नाही.

अजून नाही

माझा आवाज, लांबून. मानस म्हणाला — हो, आता — मानस म्हणाला, ताई, वरची